आधी प्रश्न की आधी उत्तर? : विज्ञानाने स्वतःवर घातलेल्या एका अटीचा इतिहास

१/ ऑगस्ट १९८८. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात हृदयविकाराच्या झटक्यावरील उपचारांची एक भव्य चाचणी प्रसिद्ध झाली. त्यातील एक निष्कर्ष असा होता : अ‍ॅस्पिरिनने रुग्णांचे प्राण वाचतात, मात्र मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ते किंचित अपायकारक दिसते. हा छापखान्याचा प्रमाद नव्हता. ऑक्सफर्डच्या नामवंत संशोधकांनी तो निष्कर्ष समजून-उमजून छापला होता. का छापला, हे सांगण्यासाठी हा थ्रेड. 🧵

२/ या चाचणीचे नाव ‘आयसिस-२’. १६ देश, ४१७ रुग्णालये, १७,१८७ रुग्ण. निम्म्यांना महिनाभर रोज अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन मिळाले, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी पहिल्या गटात ८०४ जण दगावले, दुसऱ्या गटात १,०१६. पैशांत मोजावी अशी गोळी आणि मृत्यूंत २३ टक्क्यांची घट! वैद्यकाच्या इतिहासात इतके निःसंदिग्ध उत्तर क्वचितच मिळते.

३/ पण एवढ्याने संपादकांचे समाधान झाले नाही. वृद्धांवर परिणाम किती? स्त्रियांवर किती? मधुमेहींवर किती? अशा पोटगटांचे आकडे त्यांनी मागितले. रिचर्ड पीटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यातला धोका ठाऊक होता. त्यांनी एका अटीवर होकार दिला : या तक्त्यात रुग्णांच्या राशीही असतील. जन्मतारखेवरून ठरणाऱ्या, पाश्चात्त्य पद्धतीच्या राशी.

४/ निकाल असा आला. मिथुन व तूळ : अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत १५० मृत्यू, न घेणाऱ्यांत १४७. उरलेल्या दहा राशी : ६५४ विरुद्ध ८६९. कागदावर पाहिले तर दोन राशींना औषध निरुपयोगी आणि दहांना संजीवनी! वाचक हसला, की त्याने स्वतःला विचारावे : राशीऐवजी ‘स्त्रिया’ किंवा ‘साठीपुढचे रुग्ण’ असे लिहिले असते, तर आपण हसलो असतो काय? पीटोंना हाच प्रश्न विचारायचा होता.

५/ यामागचे गणित साधे आहे. ‘असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता वीसात एकाहून कमी असेल, तरच तो लक्षणीय मानावा’ ही विसाव्या शतकात रूढ झालेली मर्यादा. एकच प्रश्न विचारला, तर फसगत होण्याची शक्यता ५ टक्के. परंतु परस्परांशी संबंध नसलेले वीस प्रश्न विचारले आणि वीसही ठिकाणी वास्तवात काहीच दडलेले नसले, तरी निदान एक ‘शोध’ हाती लागण्याची शक्यता ६४ टक्के होते. पुष्कळ दारे ठोठावली की एखादे आपसूक उघडतेच.

६/ हा धोका संगणकयुगाने जन्माला घातला असे अनेकांना वाटते. तो कितीतरी जुना आहे. फ्रेंच गणिती आणि अर्थशास्त्रज्ञ आंत्वान ऑग्युस्तँ कूर्नो याने १८४३ साली संभाव्यताशास्त्रावरील आपल्या ग्रंथात तो नेमका ओळखला होता. त्याचे उदाहरण होते नवजात मुलगे आणि मुली यांच्या प्रमाणाचे.

७/ कूर्नो म्हणतो त्याचा आशय असा : एखादा अभ्यासक जन्मनोंदींची विभागणी करू लागतो. औरस-अनौरस, पहिले अपत्य-नंतरचे अपत्य, आईबापांचे वय, व्यवसाय, धर्म... विभागण्यांना अंत नाही. कुठेतरी प्रमाण ठळकपणे वेगळे दिसते आणि तो तेवढेच प्रसिद्ध करतो. वाचकाच्या हाती येतो तो अंतिम आकडा. त्याआधीची चाचपडणी, फसलेले सारे प्रयत्न त्याला दिसत नाहीत. मग त्या आकड्याचे वजन त्याने करावे तरी कसे?

८/ येथे कूर्नोने मर्मावर बोट ठेवले आहे. दोन अभ्यासकांच्या हाती अगदी तोच आकडा आहे. एकाने तो प्रश्न आधीपासून मनाशी धरला होता, दुसऱ्याने शंभर विभागण्या करून पाहिल्यावर तो उचलला. आकडा एकच, पण पुरावा एकसारखा नाही. पुराव्याचे बळ त्या आकड्याच्या जन्मकथेवरही अवलंबून असते, आणि ती जन्मकथा छापील पानावर दिसतेच असे नाही.

९/ चाळीस वर्षांनी, १८८३ साली, अमेरिकन तत्त्वचिंतक चार्ल्स सँडर्स पर्स याने यावर उपाय सुचवला : कोणता गुणधर्म तपासायचा, ते नमुना पाहण्याआधीच ठरवून टाका. न ठरवल्यास काय घडते, हे दाखवण्यासाठी त्याने एक गमतीदार प्रयोग केला. एक चरित्रकोश उघडला आणि त्यातील वर्णानुक्रमे पहिल्या पाच कवींची मृत्युसमयीची वये लिहिली : ४८, ७६, ८४, ४८, ४५.

१०/ आता ही वये न्याहाळा. प्रत्येक वयाच्या दोन अंकांमधील फरकाला ३ ने भागा. बाकी १ उरते. पाचही वेळा! प्रत्येक वयाचे मूळ अवयव घ्या, त्यांत १ मिळवा, बेरीज करा. बेरजेला ३ ने पूर्ण भाग जातो. पाचही वेळा! (४८ साठी : २+२+२+२+३+१ = १२. उरलेली आपण करून पाहावीत.) तरीही सहावा कवी हा नियम पाळेल, असे मानण्यास तिळमात्र आधार नाही. पुरेसा वेळ शोधले, तर कोणत्याही पाच संख्यांत काही ना काही साम्य सापडतेच.

११/ म्हणजे एकोणिसाव्या शतकातच रोगाचे निदान झाले होते आणि पथ्यही सांगितले गेले होते. पुढील शतकात यातून दोन वाटा फुटल्या. पहिली गणिताची : जितके प्रश्न जास्त, तितकी कसोटी कठोर. दुसरी शिस्तीची : प्रश्न आधी लिहून ठेवा, आणि तोही दुसऱ्याच्या हाती द्या. आजच्या परिभाषेत पहिली ‘बहुचाचणी दुरुस्ती’ आणि दुसरी ‘पूर्वनोंदणी’.

१२/ पहिल्या वाटेवर सर्वांत जास्त घेतले जाणारे नाव इटालियन गणिती कार्लो बोन्फेरोनी याचे. १९३६ साली त्याने मांडलेल्या असमानतांवर आधारलेला नियम असा : वीस प्रश्न विचारत असाल, तर वीसात एकाची मर्यादा वीसने भागा. आता प्रत्येक प्रश्नाला चारशेत एकाची कसोटी लागू. हा नियम प्रत्यक्ष संशोधकांच्या हाती दिला तो १९६१ साली ऑलिव्ह जीन डन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ विदुषीने. नाव मात्र बोन्फेरोनीचे राहिले.

१३/ दरम्यान १९५३ साली प्रिन्स्टनमध्ये जॉन टूकी याने याच विषयावर एक दीर्घ टिपण लिहिले. ते काही दशके अप्रकाशितच राहिले, तरी त्याच्या प्रती संख्याशास्त्रज्ञांत हातोहात फिरत होत्या. मग १९९५ साली इस्रायलच्या योआव बेंजामिनी आणि योसेफ होखबर्ग यांनी वेगळा विचार मांडला : एकही चूक होऊ नये हा आग्रह सोडा. घोषित केलेल्या शोधांपैकी खोटे किती, त्या प्रमाणाला लगाम घाला. एकाच वेळी हजारो जनुके तपासणाऱ्या शास्त्रज्ञांना हीच पद्धत उपयोगी पडली.

१४/ पण या साऱ्या गणिताला एक अट आहे. किती प्रश्न विचारले, हे प्रामाणिकपणे सांगितले गेले पाहिजे. वीस विचारून एकच सांगितला, तर भागायचे कशाने? कूर्नोची अदृश्य चाचपडणी पुन्हा दारात उभी. म्हणून दुसरी वाट अपरिहार्य ठरली. तिच्याकडे वळण्यापूर्वी, या दुर्लक्षाची किंमत काय होती ते पाहू.

१५/ १९७८ साली कॅनडातील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पक्षाघाताची पूर्वसूचना मिळालेले ५८५ रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिनने पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. मग विभागणी झाली : पुरुषांत ४८ टक्के घट, स्त्रियांत लाभ नाही. स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी होती. एवढ्या लहान तुकड्यात योगायोगाला मोकळे रान असते. तरीही १९८० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कारणासाठी अ‍ॅस्पिरिनची मान्यता फक्त पुरुषांपुरती दिली.

१६/ पुढे अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केल्यावर दिसले की स्त्रियांनाही तसाच लाभ होतो. अमेरिकेतील अधिकृत मान्यता स्त्रियांपर्यंत पोहोचली ती १९९८ साली. मध्ये अठरा वर्षे गेली. मिथुन-तुळेचा विनोद १९८८ साली छापला गेला, तेव्हा ही शिफारस पुस्तकांत जिवंत होती. त्या विनोदाची धार यावरून लक्षात यावी.

१७/ दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे, कारण तेथे केवळ योगायोग नव्हता. पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरील औषध. किशोरवयीनांवरील त्याची एक चाचणी, ‘स्टडी ३२९’, २००१ साली प्रसिद्ध झाली. औषध परिणामकारक आणि सुसह्य आहे, असा तिचा निष्कर्ष होता. पुढे न्यायालयीन प्रकरणांतून कागद बाहेर आले. मूळ आराखड्यात ठरवलेल्या आठही मोजमापांत औषध निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नव्हते. त्यानंतर किमान १९ नवी मोजमापे तपासली गेली. त्यांतील चार अनुकूल निघाली आणि लेखात तीच पुढे आली.

१८/ पर्सच्या पाच कवींची गोष्ट आठवा. तेथे पणाला काही नव्हते, येथे मुले होती. २०१५ साली स्वतंत्र संशोधकांनी याच चाचणीच्या मूळ नोंदी पुन्हा तपासल्या. लाभ दिसला नाही. उलट आत्महत्येचे विचार व वर्तन यांसह अपाय वाढलेला दिसला. तत्पूर्वी २०१२ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने या औषधाच्या अल्पवयीनांसाठीच्या अवैध प्रचारासह अन्य आरोपांत गुन्हा कबूल केला. सर्व प्रकरणांचे मिळून दंड व भरपाई तीन अब्ज डॉलर.

१९/ आता दुसरी वाट. तिचा एक विसरलेला द्रष्टा म्हणजे डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट, बुद्धिबळपटूंच्या विचारप्रक्रियेचा अभ्यासक. १९५६ साली त्याने ठामपणे लिहिले : शोधक संशोधन आणि पडताळणीचे संशोधन या दोन भिन्न गोष्टी आहेत. जे आकडे पाहून कल्पना सुचली, त्याच आकड्यांवर ती कल्पना सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. लेख डच भाषेत होता. इंग्रजी जगाला तो अनुवादरूपाने मिळाला २०१४ साली!

२०/ आणि ही शिस्त आरंभीच अमलात आणणाऱ्यांत कोण असावे? परामानसशास्त्राचे एक नियतकालिक. टेलिपथीसारख्या विषयांवर संशोधन छापणाऱ्या ‘युरोपियन जर्नल ऑफ पॅरासायकॉलॉजी’ने १९७० च्या दशकात संशोधकांना मुभा दिली : प्रयोगाआधी आराखडा पाठवा, त्यावरूनच स्वीकृती ठरेल. २०१९ साली या नियतकालिकातील लेखांची छाननी झाली. आधी नोंदवलेल्या अभ्यासांत सुमारे ८ टक्के कसोट्या लक्षणीय निघाल्या होत्या, न नोंदवलेल्यांत सुमारे २८ टक्के. ज्यांच्यावर सारे हसत, त्यांनीच हा आरसा इतरांच्या आधी हाती धरला होता.

२१/ वैद्यकाला मात्र धक्का लागावा लागला. जून २००४ मध्ये न्यूयॉर्कचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांनी पॅरोक्सेटिनच्या मुलांवरील प्रतिकूल चाचण्या दडवल्याबद्दल कंपनीवर दावा लावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी संयुक्त घोषणा केली : पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी सार्वजनिक नोंदवहीत नोंद नसेल, तर चाचणी आम्ही छापणार नाही. १ जुलै २००५ पासून हा नियम लागू झाला. अमेरिकेची सरकारी नोंदवही २००० सालीच उघडली होती. आता तिला खरे महत्त्व आले.

२२/ भारतातही नोंदवही आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेत २० जुलै २००७ रोजी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद सक्तीची झाली. ही नोंदवही कोणालाही पाहता येते. एखाद्या औषधाविषयी गाजावाजा ऐकू आला, की चाचणीत आधी काय मोजायचे ठरले होते, ते आपणही तेथे पडताळू शकतो.

२३/ या शिस्तीने काही फरक पडला का? रॉबर्ट कॅप्लन आणि व्हेरोनिका अर्विन यांनी २०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय-फुप्फुस-रक्त संस्थेच्या मोठ्या चाचण्या तपासल्या. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचार लाभदायक ठरला होता. २००० नंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये! उपचार एकाएकी निरुपयोगी झाले असे नव्हे. काळाबरोबर इतरही गोष्टी बदलतात, म्हणून सारे श्रेय नोंदणीला देणे घाईचे ठरेल. तरी आराखडा आधी जाहीर झाल्यावर यशाचा दर कोसळावा, हे विचार करायला लावणारे आहे.

२४/ आता पुण्याकडे वळू, कारण राशींपासून आरंभ केला आणि कुंडल्यांची एक नमुनेदार कसोटी येथेच झाली. मे २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी पत्रकार परिषद घेऊन ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. सोबत संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे जाणकार प्रकाश घाटपांडे. १०० हुशार विद्यार्थी आणि विशेष मुलांच्या शाळांतील १०० मुले, अशा २०० कुंडल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाने त्यांतील ४० पाहून कोणती कोणत्या गटातील ते सांगायचे.

२५/ प्रश्न एकच, तो आधी जाहीर, आणि उत्तर बरोबर की चूक हे ठरवण्यात कोणाच्या मर्जीला वाव नाही. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीच्या आसपास. सर्वोत्तम ज्योतिषाची २४ उत्तरे बरोबर. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या पाहिल्या. तिची १०२ बरोबर. निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

२६/ येथे आपण बोन्फेरोनीचा नियम स्वतः लावून पाहू. ४० नाणेफेकींत २६ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. एकट्या ज्योतिषाने २६ गाठले असते, तर ते लक्षणीय वाटले असते. पण नाणी फेकणारे २७ जण असतील, तर त्यांतील निदान एकाला केवळ दैवाने २६ गाठता येण्याची शक्यता तब्बल दोन-तृतीयांश! म्हणून २७ जणांतून वर आलेल्याकडून रूढ कसोटीप्रमाणे निदान ३० ची अपेक्षा धरावी लागते. ‘एकाचे तर बरोबर आले ना?’ या नेहमीच्या युक्तिवादाला हे उत्तर आहे.

२७/ या शिस्तीवर आक्षेपही आहेत आणि ते पोकळ नाहीत. साथरोगतज्ज्ञ केनेथ रॉथमन यांनी १९९० साली लिहिले की अशा दुरुस्त्यांची गरजच नाही. कसोटी कठोर केली की खोटे शोध गळतात, पण खरे शोधही निसटतात. आणि पोटगट सदैव भ्रामकच असतात असेही नाही. काही औषधे खरोखरच काहींना लागू पडतात, काहींना नाही. शिवाय अनपेक्षित गोष्टीकडे लक्ष जाणे हा तर विज्ञानाचा प्राण.

२८/ पूर्वनोंदणी या कुतूहलाला मज्जाव करीत नाही. हिंडा, चाचपडा, विभागण्या करा. फक्त हिंडताना सापडलेल्याला ‘सापडले’ म्हणा, ‘सिद्ध झाले’ म्हणू नका. सिद्धतेसाठी नवे आकडे आणा. मिथुन-तुळेचा निष्कर्ष खरा वाटत असेल, तर पुढच्या चाचणीआधी तो लिहून ठेवा आणि वाट पाहा. द ख्रोटचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

२९/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे सारे का वाचावे? कारण आपल्यापुढेही हाच मोह उभा असतो. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तर अफाट आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ दरम्यान त्यातून सिद्ध केलेले ४५ खंडही नावाप्रमाणेच ‘निवडक’ कागदांचे आहेत. इतक्या मोठ्या राशीत, आधीच ठरवलेल्या मताला पोषक अशी पाच पत्रे कोणालाही सापडतील. विरोधी मताच्या माणसालाही सापडतील.

३०/ घडून गेलेल्या भूतकाळाची पूर्वनोंदणी करता येत नाही. पण चाचपडणी उघड करता येते. कोणते रुमाल पाहिले, कोणत्या वर्षांचे पाहिलेच नाहीत, कोठे अपेक्षित उल्लेख आढळला नाही, कोणता कागद मताविरुद्ध गेला, हे लिहिता येते. यापुढे कोणी इतिहासातील सनसनाटी ‘पुरावा’ पुढे केला, तर कागद अस्सल आहे का, एवढेच विचारून थांबू नका. तो शोधताना आणखी काय काय पाहिले आणि त्यात काय आढळले, हेही विचारा. कूर्नोने १८४३ साली हाच प्रश्न वाचकाच्या बाजूने विचारला होता.

थ्रेड समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि मतभेद यांचे स्वागत. पर्सच्या पाच वयांत आणखी एखादे ‘साम्य’ सापडले, तर खाली अवश्य लिहा. सापडणार याची मला खात्री आहे.